काकांच्या पीसीचा आवाज लागला एकदाचा

सच्या,

काय बे, कसायस? फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून सगळं लिहितोय, तुझ्याकडे पण लाईट गेली की यूपीएसवरच्या पीसीनं बोलून सांगायचं, हेच करायचंय ना.

काका साखर पेठेतल्या घरी वरच्या खोलीत टॉवेलच्या जकार्ड (मागावर विणायच्या नक्षीच्या) डिझाइन करतात हे तुला माहितीय. घराला इन्व्हर्टर, त्यामुळे लाईट गेली तरी पंखा-ट्यूब चालूच, पीसी मात्र वेगळ्या यूपीएसवर आणि त्याची बीप कधीचीच बंद पडलेली. मागच्या महिन्यात चादरीची एक बॉर्डर, तीन तासांचं काम, सेव्ह केलेलं नव्हतं, लाईट गेल्याचं कळलंच नाही आणि यूपीएस संपून पीसी एकदम बंद. काका कुणाला काही बोलले नाहीत, फक्त ग्राफची वही काढून परत पहिल्यापासून चौकोन मोजायला बसले. मला फार लागलं ते. तेव्हाच ठरवलं, लाईट गेली की पीसीनंच ओरडून सांगायचं.

काकूंच्या आवाजात रेकॉर्ड केलं, "अहो, लाईट गेली, सेव्ह करा". मोबाईलची एमफोरए फाईल पीएप्ले (लिनक्सवर आवाजाची फाईल वाजवायची कमांड) वाजवत नाही म्हणून वेव्ह करून घेतली. एपीसीयूपीएसडी हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, ते लाईट गेली की ऑनबॅटरी नावाची स्क्रिप्ट चालवतं, तिच्यात ती टाकली. टर्मिनलमध्ये हातानं कमांड दिली की मस्त वाजायची आणि खरंच लाईट गेली की गप्प! स्क्रिप्टचे मेसेज लॉग फाईलमध्ये वळवले तेव्हा दिसलं, कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे आवाजाच्या सर्व्हरला जोडताच येत नव्हतं.

कारण असं की ती स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य अकाउंटनं चालते आणि आवाजाचा सर्व्हर, पल्सऑडिओ असो की पाइपवायर, लॉगिन केलेल्या माणसाचा असतो. त्याचं सॉकेट, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम त्याला जोडतात ती जागा, रन, युजर आणि त्या माणसाचा आयडी नंबर अशा फोल्डरात असतं, रूटला ते सापडतच नाही. तू म्हणालास सुडोला (दुसऱ्या अकाउंटच्या नावानं कमांड चालवायची कमांड) मायनस ई लावून पल्सऑडिओच रूटनं चालू कर, ते केलं आणि काकांच्या होममधल्या कॉन्फिगच्या पल्स फोल्डरात फाईली रूटच्या मालकीच्या झाल्या, दुसऱ्या दिवशी काकांना साधी गाणी पण लागेनात. चाऊन कमांडनं मालकी परत काकांच्या नावावर केली तेव्हा सुटलं. तू ते करू नको. पल्सऑडिओचा सिस्टिम मोड, म्हणजे सगळ्या अकाउंटसाठी एकच सर्व्हर, तो पण नको, डेस्कटॉपसाठी तो वापरू नका असं पल्सऑडिओ बनवणारेच सांगतात.

बरोबर रस्ता उलटा आहे, रूटनं स्वतः वाजवायचंच नाही, काकांच्या नावानं वाजवून घ्यायचं. म्हणजे सुडो, मायनस यू, काकांचं युजरनेम, मग एक्सडीजी रनटाइम डिर हा व्हेरिएबल त्या फोल्डरवर सेट करून पुढे पीएप्ले आणि फाईलचा पूर्ण पाथ. नुसतं सुडो मायनस यू केलं तर तो व्हेरिएबल मिळत नाही आणि तोच एरर परत येतो, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आणि अजून एक, मी सगळीकडे १००० लिहून बसलेलो कारण नेटवर सगळे तेच लिहितात, पण लिनक्स टाकताना पहिलं अकाउंट मी माझं काढलेलं, काकांचा आयडी १००१! आयडी मायनस यू ही कमांड मारून बघ आधी, नंबर दिसतो. पाइपवायरवर पण हेच चालतं, पल्सचं सॉकेट तो तिथंच देतो. फक्त माणूस लॉगिन पाहिजे, लॉगआउट झाला की ते फोल्डरच जातं. आवाज म्यूट असेल तर त्याच पद्धतीनं पीएसीटीएल या आवाजाच्या कमांडनं आधी अनम्यूट करून घे.

परवा मुद्दाम मेन स्विच पाडला. पंखा फिरतोय, काका स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेत आणि स्पीकरमधून काकू, "अहो, लाईट गेली...". काका दाराकडे वळून म्हणाले, "हो हो, करतो", आणि खरंच सेव्ह केलं, काकू तेव्हा खाली शेंगा भाजत होत्या. त्यानंतर दोनदा खरी लाईट गेली, दोन्ही वेळा फाईल वाचली.

तुझ्या पीसीवर किती अकाउंट आहेत आणि यूपीएस कुठला ते कळव, माझी स्क्रिप्ट पाठवतो. गड्ड्याच्या जत्रेला येतोयस ना जानेवारीत?

तुझा,
पप्या