मत देऊन परत गेलेल्या मुलीस

ता. अंबड, जि. जालना
6 डिसेंबर 2024

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे बोललीस त्याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. "पुण्याहून रात्रभर उभ्याने प्रवास करून मत द्यायला आले, आता पुन्हा येणार नाही," एवढे बोलून तू फोन आईकडे देण्यास सांगितलेस. विधानसभेच्या निकालाच्या संध्याकाळी तुझ्या चुलतभावाने गुलालातला फोटो टाकला आणि पाच मिनिटांत तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस, हेही मला ठाऊक आहे. तोंडी बोलताना माझा आवाज चढतो आणि तुझा त्याहून चढतो, म्हणून लिहितो आहे.

या वेळी मी जिंकलेल्या बाजूला आहे आणि तू हरलेल्या, त्यामुळे माझा शब्द तुला उपदेशासारखा लागेल. पण जूनमध्ये हरलेला मी होतो. 4 जूनला जालन्याची लोकसभेची जागा महाविकास आघाडीकडे गेली. राज्यात 48 पैकी 30 जागा त्यांना मिळाल्या. त्या दिवशी तू पेढे आणलेस आणि मी ते खाल्ले नाहीत. त्यानंतरच्या पंधरवड्यात मी कसा वागलो ते तुला कुणी सांगितलेले नाही. आईला मी तशी ताकीदच दिली होती.

मागच्या वर्षी पाऊस कमी झाल्याने जूनमध्ये आपल्या मोसंबीला शेवटचे पाणी चालू होते. त्याच आठवड्यात ओढ्याकाठची डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारे रोहित्र, जळाली. तिच्यावर चौदा शेतकऱ्यांचे पंप आहेत, आणि मतांच्या दृष्टीने पाहिले तर ते जवळजवळ निम्मे-निम्मे. दरवेळी आपण एकच अर्ज करतो, सगळे सह्या करतात आणि दोघे जाऊन तो देऊन येतात. या वेळी त्यांच्यातल्या एकाने अर्ज लिहिला आणि मी त्यावर सही केली नाही. आमच्या लोकांचा वेगळा अर्ज मी स्वतः लिहिला, तोही नेहमीपेक्षा सुवाच्य अक्षरात. कार्यालयात एकाच डीपीसाठी दोन अर्ज आणि दोन याद्या गेल्या, तेव्हा तिथल्या माणसाने दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि आधी आपसांत ठरवून या म्हणून सांगितले. अकरा दिवस गेले. आपली सत्तावीस झाडे वाळली. त्यांची किती वाळली ते मी विचारले नाही. शेवटी ओढ्यापलीकडची म्हातारी, जिच्या दोन्ही मुलांना मी चौथीत शिकवले, ती दुपारच्या उन्हात ओट्याशी आली आणि म्हणाली, "मास्तर, इथं सही करा. पेन आणलाय." निवडणुकीविषयी ती एक अक्षर बोलली नाही. मी सही केली आणि तिला पाणीदेखील विचारायचे विसरलो.

अडतीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. तू ग्रुप सोडलास तो एक बटण दाबून; मी मात्र गाव सोडल्यासारखा वागलो, आणि तेही गावातच राहून.

आपल्याकडची दुफळी नुसत्या पक्षांची नाही हे तुला वेगळे सांगायला नको. अंतरवाली सराटी आपल्या तालुक्यातली आणि वडीगोद्रीही आपल्याच तालुक्यातली. मराठा आरक्षणाच्या उपोषणावर झालेल्या 1 सप्टेंबर 2023 च्या लाठीमारानंतर पहिल्या गावाकडे महाराष्ट्र पाहू लागला, आणि या जूनमध्ये दुसऱ्या गावातही ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाचा मंडप पडला. आरक्षणाविषयी माझे मत तुला माहीत आहे, तुझे मला. ते इथे उगाळत नाही. पण मला खरी धास्ती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. मते मोजून व्हायच्या आत चावडीवर आडनावे मोजली जाऊ लागली. कोणत्या बूथवर किती मते पडली ते गावाला कळते, आणि त्यावरून कोण कोणाचा हे ठरवून कोणाच्या दुकानातून साखर आणायची इथपर्यंत गोष्ट गेली. मतदान गुप्त असते ते नेमके याच कारणासाठी. आणि आडनावावरून मत ओळखण्याची हौस लागलेला गावकरी ती गुप्तता आपल्या हाताने मोडतो. मीही मोडली.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तू म्हणालीस की यंत्रच फिरवले आहे, मग मत देऊन उपयोग काय. पाच महिन्यांत वारे इतके कसे फिरले, ही शंका घेण्यात काही गैर नाही. लोकसभेला आघाडीकडे गेलेल्या जिल्ह्यात विधानसभेच्या पाचही जागा महायुतीकडे आल्या. मात्र आपल्या शेजारच्या घनसावंगीचा निकाल अडीच हजारांहून कमी मतांनी लागला हेही त्यातच आहे; वारे फिरले म्हणून लोक समजतात तितके ते सगळीकडे जोराचे नव्हते. 2019 च्या लोकसभेला मी केंद्राध्यक्ष होतो. मतदानापूर्वी पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान घ्यायचे, ते त्यांना मोजून दाखवायचे, पुसायचे आणि मग यंत्र मोहोरबंद करायचे, असा नियम आहे. संध्याकाळी नमुना 17-क भरायचा. त्यात यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली तो आकडा असतो आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यायची असते. मोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा त्या प्रतीशी ताडून पाहता येतो. माझ्या केंद्रावर पहाटे दोनच प्रतिनिधी आले, आणि संध्याकाळी त्यांतला एक प्रत न घेताच जेवायला गेला. ती मी त्याच्या मागे माणूस पाठवून दिली. यंत्रात काही करता येते की नाही हा तांत्रिक प्रश्न मी सोडवू शकत नाही. पण ज्याने आपल्या बूथची 17-क ची प्रत जपून ठेवली नाही, त्याने टीव्हीवर येऊन घोटाळा झाला म्हणून सांगितले तर मी त्याला आधी कागद मागेन, मग तो माझ्या बाजूचा असो की तुझ्या.

मारकडवाडीचे तू उदाहरण दिलेस. माळशिरसमधल्या त्या गावाने मंगळवारी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही. तिथे ज्या उमेदवाराला गावात मते कमी दिसली, तोच मतदारसंघात निवडून आला आहे, तरीही लोकांना आपल्या गावाचा हिशेब हवा होता. मला त्यांचे कौतुक वाटते. शंका विचारणाऱ्यांसमोर पोलिसांची गाडी उभी करणे हे उत्तर नव्हे, असे मी परवा कट्ट्यावर म्हणालो आणि आमच्या बाजूच्या तिघांनी तोंडे फिरवली. मात्र कॅमेऱ्यांसमोर आणि अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत घेतलेल्या मतदानातून काहीही सिद्ध झाले नसते. ज्याने 20 नोव्हेंबरच्या मतदानात गुपचूप दुसरे बटण दाबले तो 3 तारखेला उघडपणे तेच करील असे कोण म्हणेल? यापेक्षा रुक्ष पण पक्का मार्ग कायद्यात आहे. निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते, आणि ती उमेदवारानेच करावी असे नाही. मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने याच एप्रिलमध्ये दिली आहे. हे मार्ग खर्चाचे आहेत, संथ आहेत, आणि त्यांतून तुझे समाधान होईलच असे मी म्हणत नाही. पण तुझ्या पक्षाच्या लोकांना तू हे विचारू शकतेस की तुम्ही किती 17-क गोळा केल्या. हरलेल्या बाजूच्या मतदाराचे पहिले काम आपल्याच बाजूला जाब विचारण्याचे असते.

जिंकलेल्या बाजूच्या मतदाराचेही तेच, किंबहुना जास्त. नव्या विधानसभेत 288 पैकी 29 जागा, म्हणजे एकदशांश, एकाही विरोधी पक्षाला मिळालेल्या नाहीत; सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या 20 आहेत, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपद मिळण्याचीही पंचाईत आहे. म्हणजे सभागृहात जे विचारले जाणार नाही ते आम्हालाच विचारावे लागेल. लाडक्या बहिणीला 2,100 रुपये आणि शेतकऱ्याला कर्जमाफी, हे माझ्या मतावर निवडून आलेल्यांनी छापून दिले आहे. तू विचारलेस तर ते म्हणतील की ही तर विरोधकांची. मी विचारले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागते. काल मुंबईत शपथविधी झाला. जाहीरनाम्याचे ते पान मी फाडून कपाटात ठेवले आहे, आणि मार्चमधल्या अर्थसंकल्पानंतर ते घेऊन जाणार आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. लोकसभेसाठी आपण भावकी तोडली, विधानसभेसाठी शेजार तोडला, आणि आपल्या जिल्हा परिषदेची व पंचायत समितीची मुदत मार्च 2022 मध्ये संपून तिथे आजतागायत प्रशासक बसला आहे, यावर दोन्ही बाजूंनी एक मोर्चा काढला नाही. शाळेचे पत्रे, दवाखाना, रस्त्याची खडी, जनावरांचा डॉक्टर हे सारे जिथे ठरते तिथे पावणेतीन वर्षे आपला एकही माणूस नाही. झालेल्या निवडणुकीवरून आपण भांडतो आणि न झालेल्या निवडणुकीची आपल्याला आठवणही होत नाही. (हे वाक्य मी वर्तमानपत्राकडे पाठवले होते, त्यांनी छापले नाही.)

राहिली ग्रामपंचायत. तुझे नाव अजून इथल्या मतदारयादीत आहे म्हणून तू मत द्यायला आलीस. ज्याचे नाव यादीत तो ग्रामसभेचा सभासद. म्हणजे पुण्यात राहूनही तू आमदारापेक्षा जास्त अधिकाराने जिथे बोलू शकतेस अशी एक सभा आहे, आणि त्या सभेला तू आजवर एकदाही बसलेली नाहीस. 2 ऑक्टोबरच्या सभेला आम्ही चौतीसजण होतो. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. सभा तहकूब झाली आणि आठ दिवसांनी पुन्हा भरली तेव्हा एकवीसजण होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे त्या एकवीस जणांनी वर्षाचा आराखडा मंजूर केला. वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. आपली नवी टाकी बांधून दीड वर्ष झाले, तिच्यात अजून पाणी चढलेले नाही आणि उत्तरेकडच्या बाजूला तडा गेला आहे. कामाचे पैसे मात्र निघाले आहेत असे कळते.

या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती, आणि देयकांच्या प्रती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार केला आहे. मर्यादा 150 शब्दांची आणि विषय एकच, त्यामुळे मास्तराला जरा त्रास झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सोमवारी देतो. तीस दिवसांची मुदत धरली तर कागद जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हातात यायला हवेत. न आले तर अपील. पण आले तर ते वाचणारा माणूस हवा. सळई किती जाडीची दाखवली आणि किती जाडीची घातली, सिमेंटचे प्रमाण काय लिहिले, हे मला कळत नाही. तू पाच वर्षे बांधकामाचीच बिले तपासते आहेस.

टाकीवर चढून तड्याचे फोटो कोणी काढले ते ऐकून तू हा कागद बाजूला ठेवशील, म्हणून ते शेवटाकडे लिहितो आहे. ते तुझ्या चुलतभावाने काढले. गुलालातल्या त्याच मोबाइलवर. त्याचे म्हणणे असे की ठेकेदार आमच्याच बाजूचा आहे, म्हणून मी पुढे झालो तर मला घरचा भेदी म्हणतील, ताई असती तर बरे झाले असते. मी त्याला म्हणालो की तूच तिला फोन कर. तो म्हणाला की तिने नंबर ब्लॉक केला आहे.

26 जानेवारीला रविवार आहे, म्हणजे तुला रजा काढावी लागणार नाही. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा आहे. ओढ्यापलीकडच्या म्हातारीकडे मी परवा गेलो होतो, या वेळी पाणीही तिच्याकडचेच प्यालो. ती सुनांना घेऊन येते म्हणाली. डीपीवरच्या आमच्या चौदाजणांतले बारा येतील. शंभर भरायला अजून बरीच माणसे लागतात, आणि ती तुमच्या बाजूच्या घरांतून आणायची तर मी जाऊन उपयोगाचे नाही. तू शनिवारी दुपारपर्यंत आलीस तर संध्याकाळी आपण दोघे मिळून ती घरे फिरू.

ग्रुपमध्ये परत ये असे मी म्हणत नाही. तिथले सुप्रभातचे संदेश मीही वाचत नाही. फक्त त्या मुलाचा नंबर मोकळा कर, म्हणजे तो फोटो थेट तुला पाठवील. माझ्या फोनवर ते उघडत नाहीत. ज्वारी त्या सुमाराला हुरड्यावर येईल, असे आई सांगते आहे.

तुझे
अण्णा