मुक्कामाच्या गाड्यांना सोलापुरात एक जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

जूनमध्ये मी आणि आमची मंडळी मुलाकडं टेक्सासला, सॅन अँटोनियोला गेलो होतो. तिथं त्यानं दोन रात्रींसाठी आरव्ही म्हणजे ते गाडीतलं घर भाड्यानं घेतलं आणि नातवंडांसकट आम्ही सहा जण कॉर्पस क्रिस्टीवरून पाद्रे बेटावर मुक्कामाला गेलो. तिथं जे बघितलं त्यावरून आपल्या गावासाठी एक गोष्ट सुचली, म्हणून हे पत्र.

बेट म्हणलं की मला होडीच आठवायची, पण इथं थेट पुलावरून गाडी जाते, खाली लगूना माद्रे नावाची खाडी आहे, तिचं पाणी समुद्रापेक्षा खारट, आणि पलीकडं नुसती वाळूची लांबच लांब पट्टी. त्यातला शंभरेक किलोमीटर किनारा सरकारनं 1962 पासून राखून ठेवलाय, हॉटेल नाही, दुकानांची रांग नाही, वाळूच्या टेकड्या आणि वारा. आम्ही मलाकीट नावाच्या कॅम्पवर थांबलो. तिथं गाडीला लाईटचं कनेक्शन मिळत नाही, जागेवर नळ नाही, रात्री जनरेटर बंद ठेवायचा. पाणी आधीच गाडीच्या टाकीत भरून घ्यायचं आणि तेवढ्यात भागवायचं. पोरगं म्हणालं, आई, पाणी जपून. तिला काय सांगायचं! नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात पिंपं भरून संसार केलेली बाई, तिनं भांडी एका पातेल्यात विसळून, तेच पाणी खरकट्या ताटांना वापरून सहा माणसांचे दोन दिवस एका टाकीत काढले. सून बघतच राहिली.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती सांडपाण्याची सोय. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक संडासची, एक मोरी-सिंकच्या पाण्याची. ते कुठंही सोडायचं नाही, कॅम्पजवळच त्यासाठी सिमेंटचा कट्टा आणि जमिनीत झाकणाचं तोंड केलंय. निघताना मुलानं हातमोजे घालून जाड पाईप जोडला, आधी संडासची टाकी सोडली, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे त्याच पाण्यानं पाईप धुऊन निघतो. दहा मिनिटांचं काम. आमच्या मागं तीन गाड्या शांतपणे उभ्या होत्या.

आणि ज्या किनाऱ्यासाठी एवढं जपायचं तो कसला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिथं कासवाची पिल्लं सोडली. केम्प्स रिडले जातीची, ही जगातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात धोक्यात असलेली समुद्री कासवं. 1978 पासून मेक्सिकोतनं अंडी आणून ही वस्ती इथं रुजवायला घेतली. हाताच्या तळव्याहून लहान पिल्लू, वाळूवरनं स्वतःच्या पायांनी समुद्राकडं चाललंय, लोक दोरीमागं गप्प, माझी नात श्वास धरून उभी. आपल्या कोकणात वेळासच्या लोकांनी ऑलिव्ह रिडले कासवांसाठी असंच काम केलंय, तेही बघायला जा असं मी सगळ्यांना सांगतो.

आता आपल्याकडं या. कोजागिरीला सोलापुरातनं किती माणसं तुळजापूरला चालत जातात, आषाढीला पंढरपूर, वर्षभर अक्कलकोट आणि गाणगापूर. टेम्पो ट्रॅव्हलर करून आलेली कुटुंबं हिप्परगा तलावापुढं रस्त्याकडेला शेगडी पेटवून पिठलं-भाकरी करताना मी कितीदा बघितलीत, भांडी धुवायला पाणी पेट्रोल पंपावरनं आणायचं आणि बायकांनी अंधार पडायची वाट बघायची. ही लोकं गाडीतच झोपतात, गाडीतच राहतात, म्हणजे आरव्हीवाल्यांसारखीच, फक्त त्यांना थांबायला हक्काची जागा नाही. आणि खराब पाणी शेवटी जातं कुठं, उताराकडंच, आणि उताराला तलाव आहे.

राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच गाडीतल्या घरांच्या, पर्यटनाचं धोरण केलं. त्यात महागड्या गाड्या येतील तेव्हा येतील, पण तुळजापूर रोडला एक आणि अक्कलकोट रोडला एक अशी जागा आधी करा की, तलावापासून लांब, दोन-तीन एकर सपाट मुरुम टाकलेली, पाण्याचे चार नळ, दिव्याचे खांब, बायकांसाठी चोवीस तास उघडं स्वच्छतागृह आणि सांडपाणी सोडायला तसलंच झाकणाचं तोंड. माफक पैसे घ्या, पावती द्या, लोक देतील. कोजागिरीच्या आधी निदान तुळजापूर रोडची जागा तरी बघून ठेवावी, एवढी विनंती आपल्या पेपरातनं संबंधितांपर्यंत पोचवा.

आपला नेहमीचा वाचक,
होटगी रोड, सोलापूर