अक्कलदाढ काढायची तर नीट काढ

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

ओपीजीचा, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा, फोटो मिळाला. फिल्म खिडकीच्या काचेवर धरून फोटो काढलास हे बरं केलंस, घरातल्या ट्यूबखाली धरली की फक्त ट्यूबच दिसते. एक लक्षात ठेव, या फिल्मवर तुझी उजवी बाजू बघणाऱ्याच्या डावीकडे येते, त्यामुळे तू ज्या दाढेवर पेनाने गोल केला आहेस ती भलतीच आहे. दुखणारी दाढ उजवीकडची खालची अक्कलदाढ, म्हणजे आम्हा दातवाल्यांच्या मोजणीत ४८ नंबर. ती तिच्या पुढच्या दाढेच्या, म्हणजे ४७ च्या, पाठीवर डोकं टेकून तिरकी बसली आहे. अशी पुढे कललेली अक्कलदाढ फार जणांकडे सापडते, काढायलाही ती मागे कललेल्या दाढेपेक्षा सोपी जाते.

‘आता दुखायचं थांबलंय, मग काढायची कशाला’ हे तुझं म्हणणं एरवी मी मान्य केलं असतं. त्रास न देणारी, निरोगी अक्कलदाढ केवळ आहे म्हणून काढू नये, या मताचा मी आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेनेही २००० साली हेच सांगितलं. पण तुझी दाढ गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती अर्धीच बाहेर आली आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागावर हिरडीचा पदर आहे. त्या पदराखाली अन्न जातं, ब्रश पोचत नाही, मग हिरडी सुजते, वरची दाढ त्याच सुजेवर चावते आणि तोंड उघडेनासं होतं. गोळ्यांनी सूज उतरते, पण पदर आणि फट तिथेच राहतात. त्यातून ४७ च्या मागच्या अंगाला, दोन दाढा भिडतात तिथे, एक काळपट खळगा दिसतोय. ती कीड असावी. चांगली दाढ वाचवायची तर वाकडी काढायला हवी.

नसेचा प्रश्न तू विचारलास ते योग्यच. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श पुरवते. फिल्मवर ही नळी दोन समांतर पांढऱ्या रेघांसारखी दिसते. जिथे दाढेचं मूळ तिच्यावरून जातं तिथे रेघ तुटलेली दिसली, मूळ अचानक काळं पडलेलं दिसलं किंवा नळी वाकलेली दिसली, तर मूळ नसेला खेटून असण्याची शक्यता धरायची आणि सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमिती स्कॅन, करून घ्यायचा. तुझ्या फोटोत वरची रेघ सलग वाटते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून मी शपथ घेणार नाही, मूळ फिल्म तुझ्या सर्जनने बघायला हवी. नस खरोखरच खेटलेली असेल तर फक्त दाढेचं डोकं कापून काढतात आणि मुळं तशीच ठेवतात, हाही एक मान्य मार्ग आहे. त्याबद्दल विचार.

काढायला मुखशल्यचिकित्सक, म्हणजे एमडीएस ओरल सर्जन, बघ. बऱ्याच दवाखान्यांत ते ठरावीक वारी येतात, तो वार विचारून घे. खर्च कमी ठेवायचा असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं किंवा कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला डेंटल कॉलेज आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली हे काम करतात. वेळ जास्त जातो, एवढंच.

वार मात्र सोमवार किंवा मंगळवार घे, आणि सकाळची वेळ. सगळे शनिवार धरतात, कारण रविवार विश्रांतीला मिळतो. पण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमकी सोमवारी ऑफिसात. आणि रविवारी रक्त थांबेना झालं तर दवाखाना बंद. सकाळी काढलीस तर दुपारी एक ते चार पुण्याने झोप काढली तरी संध्याकाळी डॉक्टर सापडतात. हिरडी सुजलेली, पू झालेला असताना मात्र जाऊ नकोस. सुजेच्या जागी आम्लता वाढते आणि भूल नीट चढत नाही. आधी सूज उतरव, मग काढ.

त्या दिवशी पोटभर नाश्ता कर आणि बीपीची गोळी नेहमीसारखी घे. जागेवरच भूल द्यायची असल्याने उपाशी राहायचं काही कारण नाही, उलट उपाशी माणसालाच खुर्चीत घेरी येते. (पूर्ण भूल द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सहा तास काही खायचं नाही.) रक्त पातळ करणारी, साखरेची, हाडं ठिसूळ होण्यावरची, जी काही औषधं चालू असतील त्यांची चिठ्ठी ने. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस.

भुलेचं औषध लिग्नोकेन २ टक्के, त्यात १:८०,००० प्रमाणात अ‍ॅड्रिनलीन. सुई गालाच्या आत, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात जाते. मिनिटभर छातीत धडधडलं तर घाबरू नकोस, ते अ‍ॅड्रिनलीनचं काम. पाचेक मिनिटांत उजवा अर्धा ओठ जाड, परका वाटायला हवा, जिभेची कडही. ओठ बधिर झाला नसेल तर ‘चालेल’ म्हणू नकोस, दुसरं इंजेक्शन माग. भूल चढल्यावरही दाब, ढकलणं आणि कडकड आवाज कळणारच. टोचणारी कळ मात्र कळता कामा नये. आली तर डावा हात वर कर.

मग हिरडीला छेद देऊन पदर मागे सारतात, दाढेभोवतीचं हाड बरने, म्हणजे फिरत्या टोकाने, थोडं कोरतात, दाढेचे दोन तुकडे करतात आणि एलिव्हेटरने, म्हणजे तरफेसारख्या हत्याराने, एकेक उचलतात. दाढ अख्खी ओढायला गेलं तर तिचं डोकं ४७ खाली अडकतं, म्हणून तुकडे. चाळिशीत हाड कडक झालेलं असतं, त्यामुळे विशीतल्या पोरापेक्षा तुला वेळ लागेल, अर्धा-पाऊण तास धर. एक बारीकशी गोष्ट आधीच विचार: हाड कशाने कोरणार? दात भरताना वापरतात तो एअरोटर मागच्या बाजूने हवा सोडतो. ती हवा उघड्या हिरडीखाली शिरली तर गाल क्षणात फुगतो आणि बोटाने दाबला की चरचरतो. सरळ हँडपीसचा मायक्रोमोटर, म्हणजे हवा न सोडणारं यंत्र, आणि वरून सलाइनची धार, हे बरं. सलाइन नसेल तर हाड तापतं, आणि तापलेलं हाड उशिरा भरतं.

उजवीकडची वरची अक्कलदाढ, म्हणजे १८ नंबर, हीही त्याच बैठकीत काढायची का, हे विचारून घे. खालची गेल्यावर तिला चावायला जोडीदार उरत नाही, ती हळूहळू खाली उतरते. सरळ आलेली असेल तर ती पाच मिनिटांत निघते. पण तिच्या मुळांच्या वर सायनसची पोकळी असते, म्हणून ती काढली तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.

यापुढचं सगळं तुझ्या हातात आहे. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती हाडावरचं झाकण असते आणि नवी हिरडी तिच्याच आधाराने भरते. गुठळी टिकली तर आठवड्यात तू माणसात येशील. ती विरघळली किंवा निघाली तर हाड उघडं पडतं, त्यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला ते जास्त होतं.

गॉझची घडी पाऊण तास दाबून धर, मध्ये मध्ये काढून बघू नकोस. लाळ गुलाबी येते, ती गिळायची. आपल्याकडे तोंडात काही बिघडलं की पहिली गुळणी आणि दुसरी थुंकी, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी चोवीस तास बंद. स्ट्रॉही नको. तुझी सिगरेट निदान तीन दिवस, खरं तर आठवडाभर बंद. ओढण्याने गुठळीवर ताण येतो आणि निकोटिनने रक्तपुरवठा आखडतो. काकूंना सांग, मिश्री लावणे हा यावरचा उपाय नाही, आणि लवंगेचं तेलही उघड्या जखमेवर नको, हिरडी भाजते. रक्त पुन्हा वाहू लागलं तर ओली गॉझ ठेवून अर्धा तास दाब. तरीही तोंड ताज्या रक्ताने भरत असेल तर फोन कर.

दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आतच घे, एकदा ठणका चढला की ती मागून धावते. बहुधा आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल लिहून देतील. तुला बीपी आहे आणि आम्लपित्तही, तेव्हा आयब्युप्रोफेन घ्यायची का आणि किती दिवस, हे विचारूनच घे. अ‍ॅस्पिरिन दुखण्यावर नको, रक्त वाहतं. पहिल्या दिवशी बर्फ रुमालात गुंडाळून गालावर दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढाच वेळ आराम, असं करत राहा. रात्री दोन उशा घे.

खायला पहिल्या दिवशी गार आणि मऊ: दही, ताक, गार खीर, कोनाशिवायचं आइस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून कोमट चालेल. मुगाची खिचडी, वरण-भात, पण कालवून लगदा केलेला, कारण भाताचं शीत खड्ड्यात शिरलं की निघत नाही. चिवडा, बाकरवडी, तीळ, दाण्याचा कूट आणि मिसळीची तर्री दोन आठवडे विसर. उकडीचे मोदक चालतील, तळणीचे नाहीत.

चोवीस तासांनंतर अर्धा चमचा मीठ घातलेल्या ग्लासभर कोमट पाण्याने गुळण्या, दिवसातून चार-पाच वेळा. खळखळवायचं नाही, मान तिरकी करायची आणि पाणी आपसूक सांडू द्यायचं. क्लोरहेक्झिडिन ०.२ टक्के हे गुळण्यांचं औषध दिलं तर टूथपेस्टनंतर अर्धा तास जाऊ दे, लगेच वापरलं तर त्याचा असर कमी होतो.

तिसऱ्या दिवशी गाल आत लाडू ठेवल्यासारखा दिसेल आणि तोंडात जेमतेम एक बोट जाईल. हे अपेक्षित आहे. चौथ्या दिवसापासून बोटांनी हलकेच ताणून तोंड उघडायचा सराव कर, तीन बोटं उभी मावली की झालं. हेल्मेटचा पट्टा नेमका सुजेवर येतो, म्हणून दुचाकी चारेक दिवस ठेवून दे. सिंहगड चढणंही आठवडाभर नाही.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला, तोंडाला घाण वास आला, गोळी पुरेना झाली, तर ड्राय सॉकेट धर. आणखी अँटिबायोटिक घेत बसू नकोस, त्याने ते थांबत नाही. डॉक्टर खड्डा सलाइनने धुऊन लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी ठेवतात आणि बहुधा थोड्याच वेळात माणूस खुर्चीतच सुस्कारा सोडतो. एक-दोन दिवसांनी पट्टी बदलावी लागते. ताप, गिळताना त्रास, सूज जबड्याखाली मानेकडे उतरणं किंवा श्वास जड होणं यातलं काहीही झालं तर दवाखान्याची वाट बघू नकोस, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर राहिली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते परततं, पण त्याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

टाके बहुधा रेशमी, काळे असतात. टोकं जिभेला टोचतील, ओढू नकोस, सातव्या दिवशी काढतात. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तोवर खड्ड्यात काहीबाही अडकत राहील. टाके निघाल्यावर वाकड्या टोकाची प्लास्टिक सिरिंज मागून घे आणि जेवण झालं की कोमट पाण्याने धू.

आणि ४७ ची कीड विसरू नकोस. तोंड पूर्ण उघडायला लागलं की त्या दाढेचा छोटा एक्स-रे काढ. कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलेली नसेल तर साधं फिलिंग पुरेल, पोचली असेल तर रूट कॅनाल. तो एक्स-रे मला पाठव, आणि या वेळी पेनाने गोल करू नकोस.

तुझा,
अजय