जीवशास्त्राचे न मिळवता मिळणारे ३० गुण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या जीवशास्त्राच्या १०० गुणांपैकी ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला असतात. हे ३० गुण अनेक ठिकाणी मिळवावे लागत नाहीत, ते आपोआप मिळतात. या विषयाची शिक्षिका म्हणून सारी नोकरी केल्यावर आणि बरीच वर्षे बहिःस्थ परीक्षक म्हणून हिंडल्यावर त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटले.

निवृत्तीच्या थोडे आधी एका केंद्रावर गेले होते. चिठ्ठीत कांद्याच्या मुळाचा प्रयोग आलेल्या एका मुलीने सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन होण्याच्या, चारही अवस्था वैशिष्ट्यांसह घडाघडा सांगितल्या. स्लाइड दाखव म्हटल्यावर तिने थेट जास्त शक्तीचे भिंग लावले, मोठा स्क्रू फिरवला आणि कव्हरस्लिप कडकन फुटली. मुलगी रडकुंडीला आली. दोन वर्षांत सूक्ष्मदर्शकाला तिचा हात लागण्याची ती पहिलीच वेळ होती, हे नंतर कळले. जर्नल, म्हणजे प्रयोगवही, मात्र आकृत्यांसह पूर्ण होते आणि प्रत्येक पानावर सहीही होती. त्याच जर्नलमध्ये अपूर्ण प्रभाविता समजावण्यासाठी गुलबासाचे उदाहरण होते: लाल आणि पांढऱ्या झाडांच्या संकरातून गुलाबी फुले, आणि पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ या प्रमाणात. गुलबास पाहिला आहेस का, या प्रश्नावर ती गप्प राहिली. प्रयोगशाळेमागच्या नळाजवळ तो माजला होता.

या मुलीला मी दोष देणार नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण या एका विषयाचे. त्यामुळे जीवशास्त्राकडे कोणी दुर्लक्ष करते असे नव्हे, उलट एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या, पुस्तकाची ओळन्‌ओळ मुले पाठ करतात. पण चारांतून एक पर्याय निवडण्याच्या परीक्षेत सूक्ष्मदर्शक कुठेच येत नाही, आणि जे तिथे येत नाही त्यावर दुपार घालवणे शिकवणीवर्गांना आणि पालकांना वेळेची नासाडी वाटते. प्रवेश महाविद्यालयात आणि शिक्षण शिकवणीत, या ‘इंटिग्रेटेड’ नावाच्या सोयीने तर काही मुलांना प्रयोगशाळेचे दार थेट परीक्षेच्या दिवशीच दिसते. राज्य मंडळाचे पुस्तक, एनसीईआरटी आणि राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी अशा तीन दगडांवर पाय ठेवून चालणाऱ्या मुलाने कशावर पाणी सोडायचे ते ठरवले, तर त्याच्या बाजूने तो हिशेब बरोबरच आहे.

चुकतो तो आपला, म्हणजे शिक्षकांचा आणि मंडळाचा, हिशेब. कांद्याचा हा साधा प्रयोग घ्या. पाण्याच्या ग्लासवर कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत मुळे फुटतात. त्यांची टोके सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापली तर विभाजन चालू असलेल्या पेशी जास्त सापडतात. दुर्दैवाने नेमकी तीच वेळ बहुतेक शिकवण्यांचीही असते. मग ॲसिटोकार्मिनने रंगवून, कव्हरस्लिपखाली अंगठ्याने हलकेच दाबून भिंगाखाली पाहिले, की पुस्तकातल्यासारख्या चार अवस्था ओळीने उभ्या नसतात. बहुसंख्य पेशी विभाजनाला न लागलेल्याच दिसतात, एखादी पेशी चिरडलेली असते, कुठे हवेचा बुडबुडा असतो. पुष्कळ शोधल्यावर कोपऱ्यात मध्यावस्थेतली एक पेशी हाती लागते, आणि तिच्यातली १६ गुणसूत्रे सुटी मोजता आली तर त्या बाकावर आरडाओरडा होतो. हा शोध कोणत्याही पर्यायी प्रश्नात बसत नाही.

साधने नाहीत, ही तक्रार मला अर्धीच पटते. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचा खालचा जांभळा पापुद्रा ब्लेडने सोलून मिठाच्या पाण्यात ठेवला, की पेशीतला जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून आक्रसताना दिसतो. शाळेत मराठीतून ‘परासरण’ पाठ केलेल्या आणि अकरावीत इंग्रजी पुस्तकातल्या ‘ऑस्मॉसिस’समोर बुजलेल्या मुलाला त्या पाच मिनिटांत दोन्ही शब्दांचा अर्थ एकदमच कळतो. खर्च चिमूटभर मिठाचा. बेडकाचे विच्छेदन बंद झाले ते योग्यच झाले, परंतु त्या तासांच्या जागी दुसरे काही न आणता तेही शिकवणीच्या वेळापत्रकाला देऊन टाकले, हे योग्य झाले नाही. खरी अडचण साधनांपेक्षा माणसांची आहे. जिथे प्रयोगशाळा परिचराचे पद रिकामे आहे, तिथे शंभर मुलांच्या स्लाइड कोण धुणार आणि कांदे कोण लावणार?

मंडळाला विनंती एवढीच की प्रात्यक्षिकाचे गुण जर्नलच्या जाडीवर न देता, विद्यार्थ्याने परीक्षकासमोर स्वतः केलेल्या स्लाइडवर द्यावेत, आणि ती बिघडली तर दुसरी करण्याची संधीही द्यावी. बहिःस्थ परीक्षक शेजारच्या ओळखीच्या महाविद्यालयातून न येता दुसऱ्या तालुक्यातून यावा. वर्षभरात प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगांची नोंद तारखेनिशी आणि विद्यार्थ्याच्या सहीने ठेवावी. सध्या तिथे फक्त आम्हा शिक्षकांच्या सह्या असतात, आणि त्यांतल्या कितीतरी एकाच बैठकीत केलेल्या असतात. काही वेळा मीही तशा केल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
सातारा जिल्हा