काकांच्या पायाबद्दल, दिनूस

सातारा, रविवार

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेचा फोटो मोठा करून पाहिला. 'दुखत नाही, म्हणजे बरं होत आलंय' असं ते म्हणतात ना, त्याचीच मला धास्ती वाटते. इतक्या वर्षांच्या साखरेने नसा बधिर झाल्यावर दुखणार कुठून? पायाला रक्त कमी पडलं की एरवी चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. बधिर पायाला तेवढीही सूचना मिळत नाही.

एक करून बघ. त्यांना उताणं झोपवून पाय थोडा वेळ वर धर, मग खाली सोडायला सांग. माझ्या आईच्या पायाला असंच झालं, तेव्हा तिचा तळवा वर धरला की पांढराफटक व्हायचा आणि खाली सोडल्यावर हळूहळू जांभळट लाल. तिथेच डॉक्टरांचा चेहरा बदलला होता. मात्र असं काही दिसलं नाही तरी तपासणी टाळू नकोस.

ड्रेसिंग रोज चाललंय ते ठीकच, पण रक्तच पोचत नसेल तर भारीतलं मलमही काय करणार? घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, हा एबीआय. तो ०.९ च्या खाली आला तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं धरतात. गोम पुढे आहे. मधुमेहात त्या चुना साचून इतक्या कडक होतात की बीपीचा पट्टा फुगवला तरी दबत नाहीत आणि आकडा फसवा, चढा येतो. आईचा १.४ च्या वर आला, तर तिथला पोरगा म्हणतो, 'एकदम उत्तम!' दुसऱ्या ठिकाणी पायाच्या अंगठ्याचं बीपी घेतलं, ते ३० च्याही खाली. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुडघ्याखाली अडथळे दिसले. फुग्याची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे आत फुगा फुगवून अरुंद रक्तवाहिनी रुंद केली, मग कुठे जखम गुलाबी होऊन भरायला लागली. एक बोट गेलं, पाय राहिला.

काकूंना सांग, गरम पाण्याचा शेक बंद. भाजलं तरी त्यांना कळायचं नाही. कुरुपाच्या पट्ट्याही नकोत, घरातसुद्धा अनवाणी नको. आणि तंबाखूची पुडी तू स्वतः उचलून फेक, माझं नाव सांग हवं तर.

काळेपणा वाढला, वास आला, ताप चढला किंवा लाली घोट्याकडे सरकली, तर माझी वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. नाहीतर मंगळवारी सकाळी मी येतोच, व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे, बरोबर जाऊ. फाईलमध्ये क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट ठेव. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जो डाय टोचतात, त्याचा किडनीवर ताण येतो आणि क्रिएटिनिनवरून किडनीचं काम कळतं, म्हणून ते आधी तोच मागतील.

तुझा,
बाळ्या