निखिल, बास धर, पण जॅकेट घालून

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू पाठवलेला फोटो आईने मोठा करून करून पाहिला. तो बास मासा छानच होता. तुझे केस ओले होते ते माझ्या लक्षात आलं होतं, पण तिकडे पाऊस झाला असेल असं धरून मी गप्प राहिलो. काल सूनबाईचा, मृण्मयीचा फोन आला तेव्हा खरं काय ते कळलं. तिच्यावर रागावू नकोस. तिने मुद्दाम काही सांगितलं नाही. आई ओवीच्या खोकल्याचं विचारत होती, तिथून बोलणं तुझ्या सर्दीवर गेलं आणि मग तिला रडूच आवरेना.

तर तू पाण्यात पडलास. फेब्रुवारीत, उजाडायच्या आधी, एकटा असताना. आणि पाण्यावर तरंगत ठेवणारं जॅकेट बोटीतच होतं, सीटखालच्या कप्प्यात.

मी काल फोनवर आलो नाही, कारण आलो असतो तर आवाज चढला असता, आणि मागच्या दिवाळीत झालं तसं पुन्हा व्हायला नको. म्हणून लिहायला बसलो. मासे धरणं सोड, असं या पत्रात कुठेही नाही. ते आईचं म्हणणं आहे आणि ती तुला स्वतः सांगेलच. माझं म्हणणं वेगळं आहे. तू तिथे कशासाठी जातोस ते मला कळतं, आणि कळतं म्हणूनच जास्त काळजी वाटते.

मी तिकडे आलो होतो तेव्हा पहिल्या दिवशी मात्र डोक्यात काही शिरलं नव्हतं. पहाटे साडेतीनला उठायचं, प्लेनोहून दीड तास गाडी हाकायची, दिवसभर गळ टाकायचा आणि मासा लागला की माप घेऊन परत पाण्यात सोडायचा! आपल्याकडे खाडीतला एवढा जिताडा कोणी सोडला असता तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हा तू मला मोजपट्टी दाखवलीस. टेक्सासच्या या तळ्यात, लेक फोर्कमध्ये, १६ ते २४ इंचांमधला बास ठेवताच येत नाही, सोडावाच लागतो. १९७२ मध्ये रे स्कॉटने आपल्या बास धरण्याच्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून, वजन करून सोडायची पद्धत कशी रुजवली तेही सांगितलंस. मोठे बास बहुतेक माद्याच असतात आणि तेवढ्या वाढायला त्यांना कितीतरी वर्षं लागतात, हे ऐकल्यावर मला त्यातली शहाणीव पटली. ज्या तळ्यात १९९२च्या जानेवारीत १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा बास निघाला आणि तो अजून टेक्सासचा विक्रम आहे, त्या तळ्यात लोक उगाच येत नाहीत.

पण मजा काय आहे ते त्या दुपारी कळलं, तू काठी माझ्या हातात दिलीस तेव्हा. जांभळं रबरी गांडूळ, त्याच्या डोक्याशी टोकदार वजन, आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवलेलं, म्हणजे लाकडात अडकत नाही. तू म्हणालास, "बाबा, त्या बुंध्यापलीकडे टाका, तळाला जाऊ द्या आणि हळूहळू ओढा." मी ओढत होतो. फांदीवरून वजन घसरलेलं दोरीतून बोटाला कळत होतं. मग दारावर कोणी बोटाने एकदाच टकटक करावं तसं काहीतरी झालं. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे नाही, दोरीकडे बघत होतास. दोरी बाजूला सरकू लागली होती. तू "मारा!" असं ओरडलास आणि मी झटका दिला. पाणी फुटलं, अख्खा मासा बाहेर आला, तोंड वासून डोकं झाडत. एवढ्याशा माशाचं एवढं बळ!

नंतर तू सांगितलंस ते मी परतीच्या विमानात पुन्हा पुन्हा आठवत होतो. हा मासा सहसा पाठलाग करत नाही. बुंध्याच्या, शेवाळाच्या, धक्क्याच्या आडोशाला दबा धरून थांबतो. समोर काही आलं की तोंड उघडतो, आणि तोंड एवढं मोठं की पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. खोटं वाटलं तर तेवढ्याच झटक्यात थुंकतो. या दोहोंच्या मधल्या वेळात माणसाला कळलं पाहिजे. माझ्या मते सगळी गोडी तिथेच आहे. पाण्याखाली न दिसणारा एक ओंडका मनात उभा करायचा, मासा त्याच्या कुठल्या बाजूला असेल ते वारा, ऊन आणि पाण्याच्या उबेवरून ठरवायचं, आणि ठरवलेलं बरोबर निघालं की ते थेट बोटाला समजतं. दिवसभर ऑफिसात तू जे करतोस त्यात बरोबर की चूक हे इतकं चटकन आणि इतकं स्वच्छ कुठे कळतं?

मला हे नवीन नव्हतंच. आपल्या खारीच्या उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर, मीही हेच करत आलो. अमावास्येच्या उधाणानंतर ओहोटी लागली की उघाडीतून पाणी सुटतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयटं बाहेर पडतात, आणि जिताडा धारेच्या अगदी कडेला, दगडाच्या आड उभा असतो. बॅटरी मारली की डोळे तांबडे चमकतात. जिवंत कोळंबी धारेत सोडायची आणि दोरी बोटावर धरून बसायचं. बास आणि जिताडा, दोघांचं गोत्र वेगळं, एक गोड्या पाण्यातला आणि दुसरा खाडीचा, पण दबा धरण्याची रीत तीच, तोंडाने ओढून घेणं तेच, आणि लागल्यावर डोकं झाडत उडी मारणंही तेच. फक्त जिताड्याच्या गालफडाची कड हात चिरते. माझ्या डाव्या तळव्यावरची खूण तू लहानपणी बोटाने मोजायचास. बासला मात्र तू अंगठा तोंडात घालून खालच्या जबड्याला धरतोस. संध्याकाळपर्यंत त्या बारीक खरखरीत दातांनी तुझ्या अंगठ्याची साल निघाली होती आणि तू ती सुनेला कौतुकाने दाखवत होतास. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे तुला तेव्हा सांगितलं नाही.

त्याच उघाडीवर वसंता होता. आमच्या सगळ्यांत तो पोहायला चांगला होता. यापुढे मी लिहिणार नाही. माईशी बोलताना यातलं काही काढू नकोस.

पोहता येतं, हे तू मृण्मयीला म्हणालास म्हणे. निखिल, गार पाण्यात पोहण्याचा प्रश्न नंतर येतो. एकदम गार पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो, आपल्या हातात काही राहत नाही. तेव्हा डोकं पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. त्यातून निभावलं तरी थोड्याच वेळात हाताची बोटं ऐकेनाशी होतात, शिडी धरवत नाही. तुला तर लहानपणी दमा होता. पोयनाडच्या डॉक्टरांकडे रात्री रिक्षातून नेलेलं तुला आठवत नसेल, मला आठवतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या अहवालात दरवर्षी तेच येतं: बोटीच्या अपघातांत बुडालेल्यांपैकी दहातल्या आठांहून जास्त जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या बोटीत ते असणारच, तुझ्या होतं तसं. टेक्सासचा कायदा तेरा वर्षांखालच्या मुलाला ते घालायला लावतो आणि मोठ्या माणसाने नुसतं बोटीत ठेवलं तरी सोडून देतो. ओवीला तू घालतोस. तिच्या पट्ट्या तू दोनदा ओढून बघतोस, मी पाहिलंय. मग स्वतःला का नाही? तिला बाप नको आहे का?

हे शेवटचं वाक्य कठोर झालं. खोडणार होतो, पण राहू दे. रागाने लिहिलेलं नाही. व्याख्यान देणार नाही असं ठरवून बसलो होतो आणि दिलंच, त्याबद्दल माफ कर. शाळेतली सवय आहे.

लेक फोर्क मला आवडलं, पण त्याची भीतीही तिथेच बसली. १९८० मध्ये धरणाने नदी अडवली तेव्हा खोऱ्यातलं झाड-झाडोरा बराचसा उभाच ठेवला, माशांना आडोसा व्हावा म्हणून. २७,००० एकरांवर पाणी आणि त्याच्या पोटात अख्खं रान. कुठे राखाडी खोडं पाण्याबाहेर दिसतात, कुठे वीतभर खाली असतात आणि दिसत नाहीत. बास तिथेच असतो आणि बोट आपटते तीही तिथेच. परवा तुझं तसंच झालं ना? पुढच्या फळीवर उभा राहून गळ टाकत होतास, बोट हळूच चालली होती, खाली बुंधा लागला आणि तू सरळ पाण्यात. हळू होतास म्हणून बरं. मोठं इंजिन चालू असताना आपटलं असतं तर? ती लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती अंगाला अडकवतोस ना? २०२१ पासून तुमच्याकडे त्याचा नियमही आहे असं तूच सांगितलं होतंस. पुन्हा त्याच विषयावर आलो. काय करू!

आणि मला हेही ठाऊक आहे की नेमक्या याच दिवसांत तू थांबणार नाहीस. सगळ्यांत मोठ्या माद्या जानेवारी ते मार्चमध्येच, अंगात अंडी भरलेली असताना, खोल पाण्यातून उथळाकडे सरकतात. तेरा पौंडांच्या वरची मादी त्या दिवसांत कोणी धरली तर टेक्सासचं वन्यजीव खातं तिची पैदास करण्यासाठी ती मागून घेतं. १९८६ पासून चाललंय. तुझं स्वप्न तेच आहे, तू बोलत नाहीस पण भिंतीवरच्या त्या नकाशावरून दिसतं. म्हणजे पाणी सर्वांत गार आणि मासा सर्वांत मोठा, दोन्ही एकाच वेळी. त्याला इलाज नाही. मीही उधाणाची रात्र कधी चुकवली नव्हती आणि तुझ्या आज्जीचं कधी ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती. मार्चअखेर आपण त्या उथळ खाडीसारख्या कोपऱ्यात गेलो होतो, तिथे तळाला ताटाएवढे स्वच्छ गोल खळगे दिसत होते. नराने शेपटीने झाडून केलेली घरटी. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करत थांबतो, पिल्लं निघाली तरी काही दिवस सोडत नाही. भूक नसली तरी जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर धावतो, त्यामुळे त्याला गळाला लावणं सोपं. शेजारच्या बोटीतला माणूस तेच करत होता, कायद्याने त्याला मोकळीकही होती. तू काठी खाली ठेवलीस आणि बोट वळवलीस, मला काही न सांगता. आईला मी हे आल्या आल्या सांगितलं, अलिबागला मामालाही सांगितलं. असा मुलगा आहे माझा. म्हणून तर त्याने जॅकेट सीटखाली ठेवावं हे मला सोसत नाही.

तूच मला जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली होतीस. १९३२ मध्ये जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात कुरिता नावाच्या माणसाने जवळपास तेवढाच धरला तरी जागतिक विक्रमात नाव दोघांचंच राहिलं, कारण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात. ती गोष्ट मी आपल्या कट्ट्यावर कितीदा सांगितली. पण त्यातलं एक लक्षात घे. पेरी त्या दिवशी एकटा नव्हता, बोटीत मित्र होता.

तुझा तो ऑफिसातला हैदराबादचा मित्र येतो म्हणत होता ना? त्याला घेऊन जा. त्याला जमणार नसेल त्या शनिवारी घरामागच्या तळ्यावर काठावरून टाक. तिथेही हाच मासा आहे, ओवीने माझ्यासमोर धरलाय. बासची हीच तर बाब मला फार आवडली, त्याच्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही, बोट असावी लागत नाही.

पाण्यात पडल्यावर फुगणारं जॅकेट चालत असेल तर तेच घे, ते अंगाला जड होत नाही आणि गळ टाकताना खांद्याला आड येत नाही. पैसे मी पाठवतो, नाही म्हणू नकोस. फक्त ते घातलेलं असायला हवं, बोट धक्क्यावरून सुटण्याआधी. पुढच्या वेळी निघताना जॅकेटचे बक्कल लावलेला फोटो आधी टाक, माशाचा मागाहून आला तरी चालेल.

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. खारीच्या सातबाऱ्याचं काम तलाठ्याकडे अडलंय, त्याची तू काळजी करू नकोस. मृण्मयी आणि ओवीला आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. इन्हेलर बोटीच्या कप्प्यात ठेवू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पँटच्या चेनच्या खिशात ठेव.