उपकेंद्रातल्या नर्सची परीक्षा कशी घ्यावी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी निघालेल्या नर्सेसच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यात पगाराचा आकडा ठळक असतो, विमानतळावरचा फोटो असतो. तिथे गेल्यावर पुढे शिकायचे तर कोणती परीक्षा द्यावी लागते आणि ती कशाची परीक्षा असते, हे मात्र वाचायला मिळत नाही. मी सोलापुरातून पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी शिक्षिका, म्हणून निवृत्त झाले. माझी भाची टेक्सासमध्ये नर्स आहे आणि सध्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करते आहे. ती रात्रपाळी करून घरी येते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. फोनवर मी प्रश्न वाचते, ती उत्तर देते. तो अभ्यास जवळून पाहिल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर बसणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट मागावीशी वाटली, म्हणून हे पत्र.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासून निदान करणारी आणि औषध लिहून देणारी नर्स. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत त्या स्वतंत्रपणे काम करू शकतात. टेक्सासमध्ये मात्र औषध लिहायला डॉक्टरशी करार लागतो.

इथल्या काही मुलींचा आणि त्यांच्या आईवडिलांचा समज असतो की एनक्लेक्स पास झाली की सगळे झाले. तसे नाही. एनक्लेक्सने साधा नर्सिंगचा परवाना मिळतो. त्यानंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेटचे शिक्षण लागते आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे तास भरावे लागतात. पूर्वी किमान ५०० तासांचा निकष होता, २०२२ च्या नव्या निकषांत तो ७५० वर गेला. मग परीक्षा. ती घेणाऱ्या संस्था दोन. ए.ए.एन.पी.सी.बी.च्या परीक्षेत १५० प्रश्न आणि तीन तास, ए.एन.सी.सी.च्या परीक्षेत १७५ प्रश्न आणि साडेतीन तास. पहिलीत जवळपास सगळा भर रुग्ण तपासण्यावर, दुसरीत त्यासोबत संशोधन, नीती आणि व्यवसायाचे नियमही येतात. दोन्हींत काही प्रश्न फक्त चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते हे कळत नसल्याने सगळेच मन लावून सोडवावे लागतात. भाचीने पहिली निवडली. मला ती निवड पटली, कारण तिचा जीव रुग्णात आहे.

खरी मेहनत प्रश्नांच्या ठेवणीची आहे. ‘मधुमेहावर टीप लिहा’ असे तिथे कुणी विचारत नाही. पंचावन्न वर्षांची बाई, रक्तदाबासाठी एनालाप्रिल चालू, दोन महिन्यांपासून कोरडा खोकला, ताप नाही, छाती स्वच्छ. आता काय कराल? चार पर्याय, चारही पटण्यासारखे. एनालाप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला होतो, हे ठाऊक असले तर गोळी बदलून लोसार्टान देण्याकडे हात जातो. नुसते ठाऊक असून भागत नाही, त्या बाईकडे पाहताना ते आठवले पाहिजे. म्हणून मी भाचीला एक शिस्त लावली आहे. पर्याय वाचायचेच नाहीत; आधी रुग्णाची हकीकत ऐकायची, आपला निर्णय बोलून दाखवायचा, मग पर्याय. उत्तर बरोबर आले तरी उरलेले तीन का नकोत ते मला मराठीत समजावून सांगायचे. मराठीत सांगताना पाठ केलेली वाक्ये उपयोगी पडत नाहीत, समजले नसेल तर लगेच उघडे पडते. घरी तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलीने ही पद्धत वापरून पाहावी. त्याला पैसे लागत नाहीत, ऐकणारे एक माणूस लागते.

हाच खोकला आता आपल्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, आणून पाहा. पंचावन्न वर्षांची विडी कामगार बाई. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, नाकातोंडात त्याची धूळ. बोलते तेलुगू. रक्तदाबाची तीच गोळी चालू आहे आणि म्हणते, “खोकला जाईना बघा सिस्टर.” अमेरिकेतले उत्तर इथे जसेच्या तसे चालणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटल्यावर आपल्याकडे आधी थुंकीची तपासणी, क्षयरोग आहे का ते पाहायचे. तंबाखूच्या धुळीचा विचार करायचा. आणि गोळीचाही करायचा, कारण थुंकी स्वच्छ आली की ‘काही नाही, जा’ म्हणून बाईला परत पाठवले जाते आणि ती खोकत राहते. गोळी बदलण्याचा अधिकार उपकेंद्रातल्या नर्सला नसेल, पण संशय तिला यायला हवा, म्हणजे ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलताना ती नेमके तेच विचारील.

आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात. त्यात बी.एस्सी. नर्सिंग आणि जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका झालेल्या मुली आहेत, आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून त्या एकट्या त्या खुर्चीत बसतात. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. गरोदर बाई, तान्हे मूल, लकवा झालेले आजोबा, सगळे तिच्याच दारात. तिच्या कामाचा पसारा त्या अमेरिकेतल्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरइतकाच मोठा आहे. तिची तयारी तेवढी करून घेतली जाते का, हा माझा प्रश्न आहे.

मी शिकवत होते तेव्हा व्याख्या लिहा, कारणे लिहा, परिचारिकेची कर्तव्ये लिहा, असेच पेपर असायचे. मुली पानेच्या पाने लिहायच्या आणि पहिल्या वर्गात यायच्या. त्याच हुशार मुली पहिल्या नेमणुकीवर रुग्णासमोर गोंधळायच्या, कारण समोरच्या माणसाचे आता काय करायचे हे त्यांना परीक्षेत कधी विचारलेच नव्हते. आता बी.एस्सी. नर्सिंगला सत्रपद्धती आली, अभ्यासक्रम बदलला, हे चांगले झाले. पण अजूनही मुली ‘महत्त्वाचे प्रश्न’ मागायला माझ्याकडे येतात, तेव्हा काळजी वाटते.

माझी मागणी एवढीच आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या परीक्षेत आणि दरवर्षीच्या प्रशिक्षणात हकीकतीवर आधारित, निर्णय मागणारे प्रश्न असावेत आणि ते आपल्या जिल्ह्यातले असावेत. मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी काढताना विंचू चावलेला गडी घामाने निथळतो आहे, हातपाय गार पडलेत, उलट्या होत आहेत. अशा वेळी प्राझोसिनची गोळी लवकर दिली तर जीव वाचतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या प्रश्नसंचात हा गडी सापडणार नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून आणलेले, जमिनीवर झोपलेले पोर, चाव्याची खूण कुठेही नाही, पण पापण्या जड होऊन मिटायला लागल्या आहेत. मण्यार मनात यायलाच हवी आणि गाडी तत्काळ निघायला हवी. एप्रिल-मेमध्ये यंत्रमागाच्या शेडमधून आणलेला, अंग तापलेला आणि बरळणारा कामगार. हे प्रश्न पुस्तकात शोधावे लागत नाहीत, आपल्या सिव्हिलच्या अपघात विभागात रोज येतात.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी आणि प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आणले आहेत. कुटुंबाच्या रोजच्या आजारांसाठीही तसेच शिक्षण, देखरेखीखालच्या तासांसह, सोलापूरच्या मुलींना सोलापुरात मिळावे. शहरातल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात. पाळी संपवून आलेल्या नर्सला रात्री बसायला जागा मिळत नाही, याकडेही कुणीतरी पाहावे.

जिल्हा आरोग्य विभागाने पुढाकार घेतला तर प्रश्न लिहायला, मुलींकडून ते तोंडी सोडवून घ्यायला माझ्यासारख्या निवृत्त पाठ्यनिर्देशिका मिळतील. मला मानधन नको. एक खोली, एक फळा आणि मुलींच्या ड्युटीत बसेल अशी वेळ द्यावी. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या रुग्णांची हकीकत कशी विचारायची, त्याचाही एक तास ठेवावा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या उपकेंद्रांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका,
सोलापूर